दारू नाही, कावीळ नाही. मग तरुण यकृतात गाठ कशी?

प्रश्न : माझ्या ताईचा मुलगा २१ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. दोन-तीन महिने पोटात उजव्या बाजूला जड वाटायचं, भूक मंदावली होती, म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये मोठी गाठ निघाली. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, लिव्हरच्या रक्ततपासण्या जवळपास नॉर्मल. ऑपरेशननंतर आलेल्या रिपोर्टमध्ये ‘फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा’ असं लिहिलं आहे. नातेवाईक आडून आडून विचारतात, ‘पोरगं चोरून पीत तर नव्हतं ना?’ आजारापेक्षा ताईला हेच जास्त लागतं. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, त्यामुळे माझे प्रश्न वेगळे आहेत. हा कर्करोग नेमका काय आहे? निरोगी लिव्हरमध्ये तो होतोच कसा? आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो इतरांपासून वेगळा कसा ओळखतात?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नातेवाइकांच्या शंकेला आधी उत्तर देतो, कारण घरात तीच सलते आहे. फायब्रोलॅमेलर कार्सिनोमाचा दारूशी संबंध आढळलेला नाही. हिपॅटायटिसशी नाही, सिरॉसिसशी नाही. हा आजार ज्यांना होतो ते बहुतेक जण १० ते ३५ या वयातले, धडधाकट आणि आधी यकृताची कसलीही तक्रार नसलेले असतात. तेव्हा ताईंनी कुणाला खुलासे देत बसू नये आणि मुलानं स्वतःला बोल लावून घेऊ नये. हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. या गाठीचं मूळ कारण २०१४ मध्ये सापडलं आहे आणि त्यात माणसाच्या वागण्याचा भाग दिसत नाही. त्याकडे पुढे येतोच.

नेहमीचा यकृताचा कर्करोग आणि हा

यकृताच्या पेशींतून निघणारा जो कर्करोग सर्वाधिक आढळतो, त्याला हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा म्हणतात. दवाखान्यातल्या बोलण्यात ‘एचसीसी’. त्याची वाट बहुधा ठरलेली असते. हिपॅटायटिस बी किंवा सीचा विषाणू, वर्षानुवर्षांची दारू, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारं फॅटी लिव्हर, यांपैकी कशानं तरी यकृताला सतत इजा होत राहते. पेशी मरतात, नव्या तयार होतात, मधल्या जागेत व्रणाचे धागे साठत जातात आणि शेवटी सगळं यकृत कडक, खडबडीत होतं. हाच सिरॉसिस. पेशींच्या या अखंड उलाढालीत जनुकांमधल्या चुका साचतात आणि त्यांतून कर्करोग उभा राहतो. याला सहसा काही दशकं लागतात. म्हणून हा रोगी बहुधा पन्नाशी-साठीचा असतो.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा. जन्माच्या वेळी आईकडून हिपॅटायटिस बीची लागण झालेल्या मुलाला नेहमीचा एचसीसी ऐन तारुण्यातही होऊ शकतो, कधी कधी सिरॉसिस नसतानाही. त्यामुळे रोगी तरुण आहे एवढ्यावरून कुणी फायब्रोलॅमेलरचं निदान करत नाही. हिपॅटायटिसची तपासणी आधी होते. तुमच्या भाच्याची ती झाली, हे योग्यच झालं.

फायब्रोलॅमेलर किती दुर्मिळ आहे? अमेरिकेतल्या कर्करोग नोंदणीच्या आधारे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यकृतात उगम पावलेल्या सर्व कर्करोगांमध्ये तो १ टक्क्याहूनही कमी होता. मात्र चाळिशीच्या आतले रोगी वेगळे काढले, तर त्यांच्यात तो सुमारे १३ टक्के निघाला. एकूण रोग्यांत नगण्य, पण तरुणांमध्ये दखल घ्यावीच असा हा आजार आहे. पुरुष आणि स्त्रिया यांच्यात तो साधारण सारख्याच प्रमाणात दिसतो.

त्याची लक्षणंही मोघम असतात. पोटात जडपणा, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटणं, वजन उतरणं, कधी हाताला लागणारी गाठ. कावीळ क्वचितच. यकृताचा बाकीचा भाग उत्तम काम करत असल्यामुळे रक्ततपासण्या फारशा बिघडत नाहीत. एचसीसीमध्ये अनेकदा वाढणारं अल्फा फीटोप्रोटीन, म्हणजे रिपोर्टमधलं ‘एएफपी’, इथे बहुतेक वेळा नॉर्मलच येतं. त्यामुळे ‘एएफपी नॉर्मल आहे, काळजी नको’ हा दिलासा तरुण रोग्याच्या बाबतीत धोक्याचा ठरू शकतो.

वेगळा आजार म्हणून ओळख

लॉस एंजेलिसमधले पॅथॉलॉजिस्ट ह्यू एडमंडसन यांनी १९५६ मध्ये लहान मुलांच्या यकृतातल्या गाठींवर एक लेख लिहिला. त्यात १४ वर्षांच्या एका मुलीच्या गाठीचं वर्णन होतं आणि ती नेहमीच्या कर्करोगासारखी दिसत नव्हती. पुढे जवळजवळ पाव शतक ही नोंद तशी एकटीच पडून राहिली. १९८० मध्ये ‘कॅन्सर’ या नियतकालिकात दोन स्वतंत्र लेख आले. त्यांपैकी क्रेग आणि सहकाऱ्यांच्या लेखात २३ रोगी एकत्र मांडले होते, आणि त्या लेखकांमध्ये एडमंडसनही होते. तेव्हापासून फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा हे नाव रुळलं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो एचसीसीचा एक स्वतंत्र उपप्रकार म्हणून नोंदला जातो.

त्या काळात एक समज पसरला, की हा ‘बरा’ कर्करोग आहे. त्यात तथ्य होतं, पण अर्धंच. रोगी तरुण, यकृत निरोगी, त्यामुळे मोठं ऑपरेशन झेपत असे आणि माणूस जास्त वर्षं जगत असे. पुढे सिरॉसिस नसलेल्या एचसीसीच्या रोग्यांशी तुलना केली, तेव्हा सारख्याच टप्प्यावरच्या रोग्यांमध्ये फारसा फरक उरला नाही. हा आजार लिम्फच्या गाठींमध्ये लवकर पसरतो आणि ऑपरेशननंतर बऱ्याच जणांत परत डोकं वर काढतो. म्हणून ‘सौम्य आहे’ असं कुणी म्हटलं, तरी पुढच्या तपासण्यांमध्ये ढिलाई करू नये.

टेबलावर आणि सूक्ष्मदर्शकाखाली

आता तुमचा शेवटचा प्रश्न. शिक्षकानं विचारला आहे, तर तो सविस्तरच सांगतो.

ऑपरेशनमध्ये काढलेला यकृताचा भाग फॉर्मेलिनमध्ये बुडवून पॅथॉलॉजीत येतो. तिथे आधी त्याचं वजन आणि मापं घेतली जातात, कडेला शाई लावली जाते, म्हणजे सर्जनच्या कापाची रेषा नंतर काचेवरही ओळखता येते. मग लांब पात्याच्या सुरीनं त्याचे साधारण सेंटिमीटरभर जाडीचे काप करतात. या कामाला ‘ग्रॉसिंग’ म्हणतात आणि निम्मं निदान इथेच आकार घेऊ लागतं.

फायब्रोलॅमेलरचा काप बघितला की दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली म्हणजे गाठ: बहुधा एकच, टणक, पिवळसर ते तपकिरी, कुठे पित्त अडकल्यामुळे हिरवट झालेली. तिच्या मध्यभागी पुष्कळदा चांदणीच्या आकाराचा पांढुरका व्रण असतो आणि त्याचे फाटे गाठीत चहूकडे गेलेले असतात. या व्रणात चुना साठला असेल, तर सुरी करकरते. दुसरी गोष्ट गाठीबाहेरची आहे, आणि ती तितकीच महत्त्वाची. उरलेलं यकृत गुळगुळीत, लालसर तपकिरी, मऊ असतं. सिरॉसिसचा मागमूस नसतो. एवढी मोठी गाठ आणि तिच्या शेजारी इतकं निरोगी यकृत, ही जोडी पाहिली की पॅथॉलॉजिस्टच्या मनात या आजाराचं नाव येतं.

मग गाठीचे, व्रणाचे, कडेचे, शेजारच्या यकृताचे आणि लिम्फच्या गाठींचे छोटे तुकडे घेऊन ते मेणात बसवले जातात. हाच ‘ब्लॉक’. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्यातून ३ ते ४ मायक्रॉन जाडीची पापुद्र्यासारखी चकती काढतात, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतात आणि दोन रंगांनी रंगवतात. हिमॅटॉक्सिलिननं पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिननं बाकीचा भाग गुलाबी.

कमी शक्तीच्या भिंगाखाली सगळं क्षेत्र एकदम गुलाबी दिसतं. त्या गुलाबीतून कोलॅजनचे फिकट पट्टे एकमेकांना समांतर धावत असतात आणि त्या पट्ट्यांमध्ये पेशींचे पुंजके नि ओळी अडकलेल्या असतात. भिंग बदलून जवळ गेलं, की पेशी दिसतात. त्या नेहमीच्या यकृतपेशीपेक्षा चांगल्याच मोठ्या आणि बहुकोनी असतात. त्यांचा पेशीद्रव भरघोस, दाणेदार, गडद गुलाबी असतो. हे दाणे म्हणजे खच्चून भरलेल्या मायटोकॉन्ड्रिया, तुमच्या वर्गातल्या पाठ्यपुस्तकातल्या तंतुकणिका. केंद्रक मोठं, गोल, आणि त्याच्या मधोमध एकच ठसठशीत केंद्रिका असते, इतकी ठळक की कमी शक्तीच्या भिंगाखालीही ती चुकत नाही. काही पेशींमध्ये फायब्रिनोजेन साठून फिकट, धुरकट गोळे झालेले असतात, काहींत चकचकीत गुलाबी थेंब. मोठी दाणेदार गुलाबी पेशी, ठळक केंद्रिका आणि समांतर तंतुपट्टे: या तीन गोष्टी एकत्र आल्या, की निदान बरंच पुढे सरकतं.

पण तेवढ्यावर थांबत नाहीत. तंतूंचे पट्टे काही नेहमीच्या एचसीसीमध्येही दिसतात, आणि सुईनं घेतलेल्या छोट्या बायोप्सीत तर पट्टे आलेच नाहीत असंही होतं. म्हणून त्याच ब्लॉकमधून आणखी चकत्या काढून विशिष्ट प्रथिनं शोधणाऱ्या तपासण्या करतात. रिपोर्टमध्ये त्यांना ‘आयएचसी’ म्हटलेलं असतं. हेपपार-१ पॉझिटिव्ह आलं, तर पेशी यकृताच्या वळणाची आहे हे कळतं. सीके-७ हे एरवी पित्तनलिकेच्या पेशींचं चिन्ह आणि सीडी-६८ हे भक्षक पेशींचं. फायब्रोलॅमेलरच्या पेशी मात्र ही दोन्ही चिन्हं बाळगतात. तरुण रोगी, पेशींचं वर सांगितलेलं रूप आणि या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह, असं जुळलं की शंका फारशी उरत नाही. भाच्याच्या रिपोर्टचं दुसरं पान काढून बघा. ही नावं तिथे सापडतील.

सारखी दिसणारी दुसरी गाठ

याच वयात, निरोगी यकृतात, मध्यभागी चांदणीसारखा व्रण असलेली आणखी एक गाठ आढळते. तिचं नाव फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया, म्हणजे ‘एफएनएच’. ती कर्करोग नाही. यकृतातल्या रक्तपुरवठ्याच्या एखाद्या विकृतीभोवती पेशी अंमळ जास्त वाढलेल्या असतात, एवढंच. २० ते ५० वयाच्या स्त्रियांमध्ये ती जास्त दिसते, बहुतेक वेळा भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते आणि निदान पक्कं असेल तर तिला हातही लावायची गरज नसते.

एक गाठ तशीच सोडून द्यायची आणि दुसरी मुळासकट काढायची, आणि स्कॅनवर दोघींच्या पोटात चांदणी! एमआरआयमध्ये त्यांच्यातला फरक बऱ्याचदा कळतो. टी-२ पद्धतीच्या चित्रात एफएनएचचा व्रण सहसा उजळ दिसतो, फायब्रोलॅमेलरचा काळसर. चुना साठलेला असेल तर कल फायब्रोलॅमेलरकडे. तरीही संशय उरला तर बायोप्सी करावी लागते. एफएनएचच्या व्रणात जाड भिंतींच्या रोहिण्या आणि व्रणाच्या कडेनं पित्तनलिकांसारख्या बारीक नळ्या असतात. ग्लुटामिन सिंथेटेज या प्रथिनाची तपासणी केली तर नकाशावरच्या प्रदेशांसारखे रंगलेले आणि न रंगलेले भाग आलटून पालटून दिसतात. फायब्रोलॅमेलरमध्ये असा नकाशा उमटत नाही.

१९व्या गुणसूत्रावरची चूक

आता मूळ कारणाकडे. न्यूयॉर्कमधल्या एलाना सायमन या मुलीला वयाच्या १२व्या वर्षी हाच आजार झाला. ऑपरेशननं ती बरी झाली. शाळेत असतानाच तिनं आपल्या आजाराचा शोध घ्यायचं ठरवलं. तिचे वडील सॅनफोर्ड सायमन रॉकफेलर विद्यापीठात संशोधक होते, आणि तिचे सर्जन मायकेल लाक्वाग्लिया यांचीही साथ मिळाली. या आजाराच्या संशोधनातली सर्वांत मोठी अडचण पैशाची नव्हती, गाठींच्या नमुन्यांची होती. इतके थोडे रोगी, तेही जगभर विखुरलेले. एलानानं इतर रोग्यांशी संपर्क साधून नमुने मिळवायला मदत केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या गटाचा लेख आला आणि त्याच्या पहिल्या लेखकांमध्ये तिचं नाव होतं. तपासलेल्या १५ गाठींपैकी १५ मध्ये एकच बदल सापडला होता, आणि शेजारच्या निरोगी यकृतात तो नव्हता.

बदल असा आहे. १९व्या गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून थोड्या अंतरावर असतात: डीएनएजेबी-१ आणि पीआरकेएसीए. एखाद्या पेशीत या दोघांमधला डीएनएचा सुमारे ४ लाख अक्षरांचा तुकडा गळून पडतो आणि तुटलेली टोकं जोडली जातात. परिणामी पहिल्या जनुकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा उरलेला भाग मिळून एक नवंच जोड-जनुक तयार होतं. पीआरकेएसीए हे जनुक प्रोटीन कायनेज ए या विकराचा काम करणारा भाग बनवतं. पेशीला संदेश मिळाला की हा विकर चालू होतो आणि एरवी त्याला अडवून धरणारा एक जोडीदार असतो. जोड-जनुकाची सुरुवात मात्र डीएनएजेबी-१ची, आणि ते यकृतपेशीत सतत चालू असणारं जनुक आहे. त्यामुळे विकर बेसुमार बनतो आणि अडवणारे जोडीदार त्याला पुरे पडत नाहीत. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटून बसावा आणि बटण दाबूनही मोटार बंद होऊ नये, तशी त्या पेशीची गत होते. ती वाढतच राहते.

हा बदल जन्मतः शरीरभर नसतो. तो आयुष्यात केव्हातरी यकृतातल्या एखाद्या पेशीत घडतो. तो का घडावा, याला दारू, विषाणू किंवा खाणंपिणं असं कुठलंही कारण सापडलेलं नाही. नातेवाइकांना एवढं सांगितलं तरी पुरे.

हा शोध लागल्यापासून ‘फिश’ नावाच्या तपासणीनं जोड-जनुक ब्लॉकवरच शोधता येतं आणि अवघड निदानं सुटतात. पण २०२० मध्ये असं दिसलं, की स्वादुपिंडाच्या आणि पित्तनलिकेच्या आत वाढणाऱ्या एका दुर्मिळ गाठीतही हेच जोड-जनुक असतं. म्हणजे नुसत्या जनुकाच्या रिपोर्टवरून निदान करता येत नाही. काचेवरची पेशी पाहणारा जाणता डोळा लागतोच.

पुढे काय?

आज या आजारावरचा भरवशाचा उपचार म्हणजे शस्त्रक्रिया: गाठ पूर्ण काढणं आणि जवळच्या लिम्फच्या गाठीही काढून तपासणं. निरोगी यकृताचा पाऊण हिस्सा काढला तरी उरलेलं वाढून काम सांभाळू शकतं, आणि तरुण रोग्याला याचा मोठा फायदा मिळतो. नेहमीच्या केमोथेरपीचा उपयोग मर्यादितच दिसला आहे. प्रोटीन कायनेज ए सगळ्या शरीराला लागतो, म्हणून तो सरसकट बंद करणारं औषध देता येत नाही. जोड-जनुकातून बनणारं प्रथिन मात्र फक्त गाठीत असतं. त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या लशीच्या चाचण्या अमेरिकेत सुरू झाल्या आहेत. तो अजून नेहमीचा उपचार झालेला नाही, पण दिशा आश्वासक आहे.

आजार परतला तर पुन्हा शस्त्रक्रिया करता येते आणि तिचा उपयोगही होतो. त्यासाठी तो लवकर सापडायला हवा. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले स्कॅन भाच्यानं बरीच वर्षं, न चुकता करावेत. आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. या आजारात काही रोग्यांच्या रक्तातला अमोनिया वाढतो, तोही यकृताच्या इतर तपासण्या नॉर्मल असताना. आजार शरीरात असलेला रोगी अचानक असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावं आणि अमोनियाची तपासणी करायला सांगावं.

याच विषयावरचे आणखी काही प्रश्न

प्रश्न : घरात एकाला असा कर्करोग झाला तर भावंडांनी तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : फायब्रोलॅमेलरसाठी गरज नाही. जनुकातला बदल फक्त गाठीत असतो, तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही. निदान हिपॅटायटिस बीमुळे झालेल्या कर्करोगाचं असेल, तर मात्र आई, भावंडं आणि जोडीदार या सगळ्यांची हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्यावी, आणि ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावी.

प्रश्न : जिममध्ये काही मुलं शरीर कमावण्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतात. त्यांनी यकृतात गाठ होते, हे खरं आहे का?

उत्तर : खरं आहे. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडमुळे हिपॅटोसेल्युलर अ‍ॅडेनोमा ही गाठ होऊ शकते. हीच गाठ गर्भनिरोधक गोळ्यांशीही निगडित आहे. तो संबंध १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका लेखानं पहिल्यांदा पुढे आणला. त्या काळच्या गोळ्यांत हार्मोनचं प्रमाण जास्त असे. आजच्या गोळ्यांमध्ये ते बरंच कमी आहे आणि धोकाही तितकाच कमी, त्यामुळे घाबरून गोळ्या बंद करू नयेत. अ‍ॅडेनोमा कर्करोग नसतो, पण ५ सेंटिमीटरपेक्षा मोठा झाला तर फुटून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका असतो. काही अ‍ॅडेनोमांचं रूपांतर कर्करोगात होतं, विशेषतः बीटा कॅटेनिन या जनुकात बदल असलेल्यांचं. २००६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी जनुकांवरून अ‍ॅडेनोमाचे प्रकार पाडले, तेव्हापासून कुठली गाठ काढायची आणि कुठली नुसती बघत राहायची, हे ठरवणं सोपं झालं. पुरुषांमध्ये कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका जास्त असल्यामुळे गाठ लहान असली तरी सहसा काढतात. तेव्हा जिममधल्या त्या इंजेक्शनांपासून मुलांनी चार हात लांबच राहावं.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या लिव्हरमध्ये बऱ्याच गाठी आहेत. एका रिपोर्टमध्ये ‘दुसरीकडून पसरलेला कर्करोग’ असं होतं, दुसऱ्या ठिकाणी ‘एपिथेलिऑइड हिमँजिओएंडोथेलिओमा’ असं निदान झालं. कुठलं खरं मानायचं?

उत्तर : तुमच्या पत्नीचे स्लाइड पाहिल्याशिवाय ते मी सांगू शकत नाही, पण असा गोंधळ का होतो ते सांगतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींपासून निघणारी ही दुर्मिळ गाठ आहे. तिच्या पेशीत एक पोकळी असते आणि त्यात कधी कधी एखादी तांबडी रक्तपेशी अडकलेली दिसते. ही पोकळी श्लेष्मानं भरलेल्या कर्करोगपेशीसारखी भासते आणि निदान जठर किंवा आतड्याच्या कर्करोगाकडे झुकतं. सीडी-३१ आणि ईआरजी या तपासण्यांवरून पेशी रक्तवाहिनीची आहे हे कळतं, आणि कॅमटा-१ची तपासणी बहुतेक वेळा शिक्कामोर्तब करते. तिच्यामागचं जोड-जनुक २०११ मध्ये सापडलं. हा फरक मोठा आहे. पसरलेल्या कर्करोगात जे शक्य नसतं, ते इथे शक्य असतं: काहींत गाठी वर्षानुवर्षं स्थिर राहतात, आणि गाठी अनेक असल्या तरी निवडक रोग्यांत यकृत प्रत्यारोपण करता येतं. अनुभवी केंद्रातून तिसरं मत जरूर घ्या.

प्रश्न : सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली म्हणजे कर्करोगच का?

उत्तर : नाही. निरुपद्रवी घट्ट गाठींमध्ये सर्वांत जास्त दिसते ती हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांची गाठ. त्यानंतर एफएनएच. साध्या पाण्याच्या गाठीही नेहमी दिसतात. आपल्याकडे अमिबामुळे होणारा पूही गाठीसारखा दिसतो, पण त्यात बहुधा ताप आणि दुखणं असतं. कुत्री-मेंढ्यांच्या सहवासातून येणारी हायडॅटिडची गाठही असते. तिच्यात न कळत सुई घातली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून गाठ दिसली की आधी नीट स्कॅन, मग गरज असेल तर सुई, हा क्रम पाळावा.

प्रश्न : पॅथॉलॉजीचं दुसरं मत घ्यायचं तर नेमकं काय करायचं?

उत्तर : नुसता रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही. जिथे तपासणी झाली, त्या प्रयोगशाळेत लेखी अर्ज देऊन ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ते देणं ही नेहमीची पद्धत आहे. त्यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही आणि तुम्हाला संकोच वाटायचंही नाही. सोबत सीटी किंवा एमआरआयची सीडी, रक्ततपासण्या आणि ऑपरेशनची नोंद घ्या. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरून आणलेले ब्लॉक आणि स्लाइड तपासून मत दिलं जातं. देशातल्या इतर मोठ्या कर्करोग केंद्रांतही ही सोय असते. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं. काम झालं की तो परत आणा आणि जपून ठेवा. उद्या नवी तपासणी किंवा नवं औषध आलं, तर त्याच ब्लॉकवर ती तपासणी करता येते.

तरुण माणसाच्या यकृतातली गाठ हे क्वचित घडणारं प्रकरण आहे, आणि एकट्यादुकट्या पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर ती वर्षानुवर्षं येत नाही. म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे: अशा निदानावर उपचार ठरवण्याआधी यकृताचा खास अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड एकदा पाहून घ्या. आणि रोग्याच्या घरी भेटायला जाल, तेव्हा ‘पीत होता का?’ हा प्रश्न उंबऱ्याबाहेरच ठेवा.